शब्द पाठ आहेत, पण लिहिताना हाताला लागत नाहीत : आयेल्ट्सच्या तयारीबद्दल मदत हवी

अबोली | रविवार, रात्री ९:४५

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली, पेशाने नर्स. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे नर्सिंग. सहा वर्षं वॉर्डमध्ये काम करते आहे. ब्रिटनला जायचं आहे म्हणून आयेल्ट्स अॅकॅडेमिक ही इंग्रजीची परीक्षा दिली. ऐकण्यात ७, वाचनात ७, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ६ मिळाले. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. म्हणजे दोन ठिकाणी अर्ध्या अर्ध्या बँडाने (गुणांच्या पायरीने) अडले.

मी ज्या क्लासला जात होते तिथे हजार 'भारी' शब्दांची यादी दिली होती. रोज पंचवीस शब्द, अर्थासकट पाठ. फोंडा ते पणजी कदंबच्या बसमध्ये बसून मी ती यादी दोनदा संपवली. कुठलाही शब्द विचारा, अर्थ सांगेन. पण पेपर समोर आला की त्यातले मोजके दहा-बारा आठवतात, तेच जिथे तिथे घालते. बोलताना तर एकही येत नाही. परीक्षक बाई साध्या गप्पा मारत होत्या, आणि मी मनात यादी चाळत बसले होते.

आई म्हणते, आणखी शब्द पाठ कर. मला वाटतं काहीतरी मुळातच चुकतं आहे. फी थोडीथोडकी नसते, पुन्हा बसायच्या आधी नीट समजून घ्यायचं आहे. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

पेडण्याचा पाऊस | रविवार, रात्री १०:२०

तुमच्या निबंधातलं एखादं वाक्य आठवत असेल तर इथे लिहाल का? बँडाच्या आकड्यावरून कुणाला नेमकं काही सांगता येणार नाही.

अबोली | रविवार, रात्री १०:३५

विषय शहरांतल्या प्रदूषणाचा होता. पहिलं वाक्य चांगलं आठवतं, कारण ते घरून तयार करून नेलं होतं: 'नाउअडेज अ प्लेथोरा ऑफ पीपल आर फेसिंग मिरियड प्रॉब्लेम्स ड्यू टू पर्निशस पोल्यूशन.'

डिचोलीच्या बाई | सोमवार, सकाळी ६:५०

अबोली, मी तेहतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. वाक्य दिलंस हे फार चांगलं केलंस.

आधी मराठीत बघू. आपण 'गाढ झोप' म्हणतो. 'गाढ मैत्री' म्हणतो. पण 'गाढ धुकं' म्हणत नाही, धुकं 'दाट' असतं. चहा 'कडक', ऊन 'कडक', पण पाऊस कडक नसतो, तो 'मुसळधार'. नवस 'बोलतात' आणि 'फेडतात'. कर्जही फेडतात, पण विजेचं बिल 'भरतात'. हे तुला कुणी शिकवलं नाही. लहानपणापासून ते शब्द जोडीजोडीनेच कानावर पडले. उद्या एखादा परदेशी माणूस म्हणाला, 'आज सकाळी साखळी गावात गाढ धुकं होतं,' तर तुला अर्थ कळेल, पण याने शब्द पुस्तकातून उचलला हेही त्याच क्षणी कळेल. तुझं वाक्य वाचताना परीक्षकाला नेमकं तेच कळलं.

'प्लेथोरा' म्हणजे नुसतं 'पुष्कळ' नव्हे. गरजेपेक्षा जास्त, अतोनात असा त्याचा रोख आहे. पर्यायांचा, नियमांचा, सल्ल्यांचा 'प्लेथोरा' असतो. माणसांना तो लावला की माणसं जास्त झाली असा सूर येतो. 'पर्निशस' हा शब्द हळूहळू, नकळत घात करणाऱ्या गोष्टीसाठी, बहुधा 'इन्फ्लुअन्स' किंवा 'इफेक्ट' यांच्या सोबतीने येतो. आणि 'मिरियड प्रॉब्लेम्स' व्याकरणाने बरोबर असलं तरी आधीच्या 'प्लेथोरा'ला चिकटून आल्यामुळे वाक्य दागिन्यांनी वाकलं आहे. नर्स म्हणून तुला जे ठाऊक आहे त्यातलं एक अक्षरही त्यात आलं नाही.

मी असं लिहीन: 'मेनी सिटीज नाउ स्ट्रगल विथ पुअर एअर क्वालिटी, अँड द एल्डर्ली आर अमंग द वर्स्ट अफेक्टेड.' यात एकही अवघड शब्द नाही. पण 'स्ट्रगल विथ', 'पुअर एअर क्वालिटी', 'वर्स्ट अफेक्टेड' या तिन्ही जोड्या इंग्रजी माणूस जशा बोलतो तशाच आहेत. आणि वाक्य काहीतरी सांगतं.

लेखनाच्या गुणांत शब्दसंपत्तीचा वाटा एक चतुर्थांश, बोलण्यातही तेवढाच. सहाव्या आणि सातव्या बँडाची वर्णनं शेजारी ठेवून वाच, ती सगळ्यांसाठी खुली आहेत. सहाव्यात म्हटलं आहे की उमेदवार कमी प्रचारातले शब्द वापरून बघतो, पण ते थोडे चुकतात. सातव्यात शब्दांची शैली आणि सोबत, म्हणजे कुठला शब्द कुणाबरोबर येतो, यांची जाण दिसते. तू त्या दोन ओळींच्या मधोमध उभी आहेस. आणखी हजार शब्द पाठ केलेस तरी तिथेच राहशील.

म्हणून यादी आता मिटून ठेव. वहीत सुटा शब्द लिहायचाच नाही. 'डिसिजन' लिहायचा असेल तर 'मेक अ डिसिजन', 'रीच अ डिसिजन', 'अ डिफिकल्ट डिसिजन' असं लिहायचं. आणि खाली एक वाक्य, तुझ्या स्वतःच्या आयुष्यातलं, खरं घडलेलं.

कुंभारजुवेकर | सोमवार, दुपारी १:१५

बाईंचा आदर राखून थोडं वेगळं सांगतो. मी जीआरईसाठी, म्हणजे परदेशी उच्च शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी, याद्याच पाठ केल्या होत्या आणि मला त्याचा उपयोग झाला. शब्दच माहीत नसेल तर त्याची सोबत कुठून कळणार? मराठी शाळेतून आलेल्या मुलांना आधी संख्याच वाढवावी लागते. इंग्रजी वातावरणात वाढलेल्यांना 'यादी नको' म्हणणं सोपं असतं.

डिचोलीच्या बाई | सोमवार, सायंकाळी ५:३०

कुंभारजुवेकर, तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि मीही मराठी शाळेतलीच. फरक एवढाच की जीआरईमध्ये शब्द ओळखायचा असतो, लिहून दाखवायचा नसतो. ओळखीचा शब्द आणि वापरातला शब्द ही दोन वेगळी खाती. अबोलीला वाचनात ७ आहेत, म्हणजे तिचं ओळखीचं खातं भरलेलं आहे.

यादीच हवी असेल तर बुद्धीने निवडलेली घ्यावी. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अॅकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मुळापासून आलेल्या शब्दांचे गट, आहेत. रोजच्या वापरातले सर्वाधिक प्रचारातले २,००० शब्द वगळून, अनेक विषयांच्या अभ्यासग्रंथांत जे पुन्हा पुन्हा येतात ते त्यांनी वेचले. अशा ग्रंथांतला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी व्यापलेला असतो, कथा-कादंबऱ्यांत मात्र दीड टक्काही नाही. यादीचे दहा भाग आहेत, जास्त वापराचे शब्द आधी. पहिल्याच भागात 'असेस', 'अप्रोच', 'बेनिफिट', 'अव्हेलेबल' असे शब्द भेटतात. 'प्लेथोरा' त्यात कुठेच नाही.

आणि शब्दकूळ म्हणजे काय ते पक्कं करा. 'अॅनलाइझ' हे क्रियापद, 'अनॅलिसिस' हे नाम, 'अॅनलिटिकल' हे विशेषण, 'अॅनलिस्ट' हा माणूस. उच्चारताना जोर कसा सरकतो बघा: पहिल्यात 'अॅ'वर, दुसऱ्यात 'नॅ'वर, तिसऱ्यात 'लि'वर. जोर चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. वाचून कमावलेल्या इंग्रजीत ही उणीव हमखास राहते, माझ्यातही कित्येक वर्षं होती.

पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडलं की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. हा आकडा ऐकून पोरं घाबरतात. पण ते आयुष्यभराच्या वाचनाचं गणित आहे. तीन महिन्यांत ते कुणी भरून काढत नाही, परीक्षेला त्याची गरजही नाही.

पाटोचा वाचक | सोमवार, रात्री ८:०५

मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जवळजवळ रोज बसतो. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आपल्या हाताशी आहे, याचा तयारी करणाऱ्या मुलांनी फायदा घ्यावा असं मनापासून वाटतं. माझी पद्धत सांगतो.

एकच बातमी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही दैनिकांत वाचायची. गोमन्तक किंवा तरुण भारत उजवीकडे, नवहिंद टाइम्स किंवा हेराल्ड डावीकडे. मुद्दाम गोव्याचीच बातमी घ्यायची, कारण काय घडलं ते आधीच माहीत असतं आणि सगळं लक्ष शब्दांवर राहतं. गेल्या पावसाळ्यातलं माझ्या वहीतलं पान समोर आहे. मराठीत 'झाड उन्मळून पडले', इंग्रजीत 'अ ट्री वॉज अपरूटेड'. मराठीत 'वीजपुरवठा खंडित', इंग्रजीत 'पॉवर सप्लाय वॉज डिसरप्टेड'. मराठीत 'सखल भागात पाणी साचले', इंग्रजीत 'लो-लाइंग एरियाज वेअर इनंडेटेड'. मराठीत 'जनजीवन विस्कळीत', तर इंग्रजीत 'नॉर्मल लाइफ वॉज थ्रोन आउट ऑफ गिअर'.

यातले पहिले तीन निबंधात घेतले तर शोभतात. चौथा वर्तमानपत्री आहे, निबंधात नको. ही चाळणी लावायला मला वर्ष लागलं. सुरुवातीला मी बातमीतलं सगळंच उचलत होतो आणि माझ्या निबंधात पाऊस शहराला 'झोडपत' असायचा.

दर्यावर्दी | मंगळवार, पहाटे ४:१०

वेळ बघून दचकू नका, जहाजावर आहे, माझी वॉच (पाळी) आत्ताच संपली.

आमच्या गोव्यातली किती मुलं बोटीवर जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची इंग्रजीची कसोटी वेगळी असते, पण शब्द कसा कमवावा हे मला तिथे कळलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला. निरनिराळ्या देशांची माणसं एकाच ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षात, उभी असतात, एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर जहाज खडकावर जाऊ शकतं. म्हणून त्यात 'मे', 'कॅन', 'शुड' असे डगमगते शब्द टाळायला सांगितले आहेत. 'मे आय एंटर द फेअरवे?' (फेअरवे म्हणजे जहाजांचा जलमार्ग) असं विचारायचं नाही. 'डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?' असं विचारायचं. उत्तर हो किंवा नाही. बोलण्याआधी ही सूचना आहे, इशारा आहे की विनंती, ते सांगता येतं. आकडेही सुटे: 'फिफ्टीन' नाही, 'वन-फाइव्ह'. आणि सुकाणूवरच्या माणसाला दिलेली प्रत्येक आज्ञा तो मोठ्याने परत म्हणतो.

आकड्यांचं तर अबोलीबाय, तुमच्याही कामाचं आहे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत जोर कुठे पडतो यावर औषधाची मात्रा ठरते.

परत म्हणण्याची सवय मात्र नक्की लावून घ्या. नवा शब्द ऐकला की लगेच पूर्ण वाक्यात, तोंडाने, मोठ्याने. डोळ्यांनी वाचलेला शब्द तोंडातून येत नाही. मी केबिनमध्ये एकटाच बोलत असतो.

सावईची सिस्टर | मंगळवार, रात्री ११:५०

अबोली, मी तुझ्या शेजारच्याच गावची, आता सहा वर्षं इंग्लंडमध्ये वॉर्डला आहे. मी ओईटी देऊन आले. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच ती परीक्षा आहे, लेखनात साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र असतं, रुग्णाला पुढे पाठवण्याचं किंवा डिस्चार्जचं. बोलण्यात रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी दोन संवाद करावे लागतात. प्रदूषणावर निबंध लिहिण्यापेक्षा मला ते जवळचं वाटलं. नर्सिंग कौन्सिल दोन्ही परीक्षा मानते. कुठली द्यायची ते तू ठरव, पण शब्दांबद्दल मला जे उशिरा कळलं ते तुला आधी सांगते.

आपल्याला वैद्यकीय शब्द येतात. अडतं ते साध्या शब्दांपाशी. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी थर्टीन.' समोरची सिस्टर काळजीने विचारू लागली, आता कशी आहे तब्येत? इथे 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. शुद्धीवर येणं म्हणजे 'कम राउंड'. 'पास वॉटर' म्हणजे लघवी होणं. आपण सरसकट 'सलाईन लावलं' म्हणतो, इथे 'ऑन अ ड्रिप' म्हणायचं, कारण 'सेलाइन' म्हणजे फक्त मिठाचं पाणी. 'माय हेड इज पेनिंग' हे तर आपण सगळेच बोलतो. ते 'आय हॅव अ हेडेक' किंवा 'माय हेड हर्ट्स' असं हवं.

ओईटीत बोलण्याच्या गुणांत भाषा प्रसंगाला साजेशी आहे का हे स्वतंत्र बघतात. रुग्णासमोर 'हायपरटेन्शन' नाही, 'हाय ब्लड प्रेशर'. डॉक्टरच्या पत्रात मात्र 'हायपरटेन्शन'च. एकाच गोष्टीचे दोन शब्द, आणि कुणाशी बोलतो आहोत त्यावरून निवड.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका पानाचा. ते पान मी मराठीतून सुरू केलं. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघ. गळू ठणकतं. पोटात कळ येते, मुरडा येतो. कापलेल्या जागी चुरचुरतं. छातीत जळजळतं. पाठीत टोचल्यासारखं होतं. तापात अंग मोडून येतं. माझी आजी डॉक्टरला कधी नुसतं 'दुखतंय' म्हणायची नाही. मी हे सगळे शब्द डावीकडे लिहिले आणि उजवीकडे इंग्रजी शोधत गेले. ठणकणं म्हणजे 'थ्रॉबिंग'. कळ येणं म्हणजे कधी 'शूटिंग पेन', कधी 'क्रॅम्प', कुठे आणि कशी ते विचारून ठरवायचं. चुरचुरणं 'स्टिंगिंग', जळजळ 'बर्निंग', जेवणानंतरची छातीतली जळजळ 'हार्टबर्न'. टोचल्यासारखं 'स्टॅबिंग'. अंग मोडून येणं म्हणजे 'एकिंग ऑल ओव्हर'. मंद, सतत, पिच्छा न सोडणारं दुखणं म्हणजे 'अ डल एक'.

उलटंही होतं. आपण 'चक्कर' हा एकच शब्द वापरतो. इथे रुग्ण 'डिझी' म्हणाला, 'लाइटहेडेड' म्हणाला की 'फेन्ट' म्हणाला, हे नोंदवहीत तसंच लिहावं लागतं, कारण भोवताल गरगर फिरणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं यांची कारणं वेगळी असू शकतात.

त्या एका पानाने मला वर्षभराच्या क्लासपेक्षा जास्त दिलं. रुग्णाला आपण नेमकं काय विचारतो याचं भान त्यानेच आलं.

अबोली | बुधवार, रात्री १०:१५

सिस्टरताई, तुमचं उत्तर मी ड्युटीवरून येताना बसमध्ये वाचलं आणि एक थांबा पुढे गेले. 'पास्ड आउट' मी बोलण्याच्या परीक्षेत, अगदी सुरुवातीलाच म्हटलं होतं.

आज दुखण्याचं पान सुरू केलं. आईला विचारलं तर तिने आणखी दिले: 'सल', 'उसण', 'भोवंडणं'. उसण भरण्याला डिक्शनरीत एक शब्द मिळेना, मग 'अ सडन कॅच इन द बॅक' असं सापडलं.

परीक्षा कुठली द्यायची ते अजून ठरलं नाही. पण वही बदलली.

पेडण्याचा पाऊस | बुधवार, रात्री १०:४०

लक्षात ठेवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मांडले. पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरतं, मग वेग मंदावतो. म्हणून एका दिवशी पंचवीस वेळा घोकण्यापेक्षा वाढत्या अंतराने पाच वेळा आठवणं बरं. आठवणं म्हणतो आहे, वाचणं नव्हे. उत्तर झाकून आठवायचा प्रयत्न करायचा.

मी बेबिंका या मिठाईचा रिकामा खोका घेऊन त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. कार्डाच्या एका बाजूला मराठीतून प्रसंग, दुसऱ्या बाजूला इंग्रजी वाक्य. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं तर थेट पहिल्यात. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी ही पद्धत लोकांपुढे आणली. हेच काम अंकी नावाचं अॅप करतं, संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट मिळतं. पण मला हाताने लिहिलेली कार्डं जास्त लक्षात राहतात.

दिवसाला नवी आठ कार्डं पुरे. पंचवीस केलीत तर दहाव्या दिवशी उजळणीचाच डोंगर होतो.

वाळपईची मुलगी | गुरुवार, सकाळी ९:३०

धागा वाचते आहे, मीही डिसेंबरात बसणार आहे. स्पेलिंग ब्रिटिश लिहायचं की अमेरिकन?

डिचोलीच्या बाई | गुरुवार, सकाळी १०:००

दोन्ही चालतं. पण लेखनात एकच धरून ठेव, सरमिसळ नको. ऐकण्याच्या पेपरात शब्द कळला आणि स्पेलिंग चुकलं तर गुण जातो, तेव्हा 'अकॉमोडेशन'मधले दोन सी आणि दोन एम आजच पक्के कर.

पाटोचा वाचक | गुरुवार, रात्री ९:१०

नर्स मुलींसाठी एक गंमतीची गोष्ट. आपल्या घरात पोर्तुगिजांकडून आलेले शब्द वावरतात, त्यांचं मूळ लॅटिन. इंग्रजीतले वैद्यकीय शब्दही बरेचसे तिथूनच आलेले. त्यामुळे काही शब्द एकमेकांचे चुलतभाऊ निघतात.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज, मूळ लॅटिन 'नातालिस', जन्माचा. 'अँटिनेटल', 'निओनेटल' यांतला 'नेटल' तोच. 'चावी' हा पोर्तुगीज 'शाव्ही'वरून आला, मूळ लॅटिन 'क्लाविस'. गळ्याखालच्या आडव्या हाडाला 'क्लॅव्हिकल' म्हणतात, त्याचा अर्थ छोटी चावी. 'पगार' हा 'पागार', म्हणजे पैसे चुकते करणं, यावरून. इंग्रजी 'पे' फ्रेंचमार्गे त्याच लॅटिन मुळातून आलं.

यावरून अर्थ ताडत बसू नका, फसगतही होते. पण एकदा हे नातं कळलं की तो शब्द विसरत नाही. मला 'क्लॅव्हिकल' कधीच आठवत नसे, आता घराचं दार उघडताना आठवतो.

अबोली | गुरुवार, रात्री ११:००

हे मी आजच वॉर्डमध्ये सगळ्यांना सांगितलं. 'नाताळ'चं ऐकून आमची एक मावशी म्हणाली, म्हणजे प्रसूतीचा वॉर्ड आणि नाताळ एकच की.

डिचोलीच्या बाई | शुक्रवार, सकाळी ६:३०

अबोली, बोलण्याच्या परीक्षेबद्दल राहिलं होतं. दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला मिळतात. विषय बहुतेक साधे असतात: ओळखीची जागा, माणूस, वस्तू. मुलं अशा वेळी पाठ केलेला पॅरिसचा परिच्छेद म्हणतात. परीक्षकाला तो ओळखू येतो आणि गुण कापले जातात.

आपल्या जागेबद्दल बोलायचं. खाजनाबद्दल, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीबद्दल बोल, मानशीबद्दल बोल. इंग्रजी शब्द माहीत नसेल तर अडायचं नाही, आपलाच शब्द ठेवून तो समजावून सांगायचा. मानस म्हणजे भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेलं दार. 'अ वुडन गेट इन द एम्बँकमेंट दॅट कीप्स द टाइड आउट' एवढं आलं की झालं. 'स्लूस गेट' आठवलं तर छानच. शब्द हाताशी नसताना दुसऱ्या शब्दांत सांगता येणं, यालाही त्या शब्दसंपत्तीच्या गुणांत जागा आहे.

आज तुझ्या ओळखीच्या एका जागेवर पाच वाक्यं लिही आणि इथे टाक.

अबोली | रविवार, सायंकाळी ६:२०

बाई, उशीर झाला, रात्रपाळी होती. आधी मोठ्याने बोलले, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मग ऐकून उतरवलं. यादीतला एकही शब्द नाही.

'बिहाइंड अवर हाउस देअर इज अ कुळागर, अ शेडी ऑर्चर्ड व्हेअर अरेकानट पाम्स, कोकोनट्स अँड बनानाज ग्रो टुगेदर. पेपर वाइन्स ग्रो ऑन द पाम्स. अ स्प्रिंग हायर अप द स्लोप फीड्स द होल प्लेस, अँड द वॉटर गोज थ्रू नॅरो चॅनल्स दॅट माय ग्रँडफादर डग. इन एप्रिल, व्हेन एव्हरीव्हेअर एल्स इज बेकिंग हॉट, इट इज स्टिल कूल इन देअर. आफ्टर अ नाइट शिफ्ट आय सिट बाय द चॅनल विथ माय फीट इन द वॉटर.'

सावईची सिस्टर | रविवार, सायंकाळी ७:००

वाचून आमच्या घरामागचा पाट आठवला. देव बरें करूं.

डिचोलीच्या बाई | रविवार, सायंकाळी ७:४५

'शेडी ऑर्चर्ड', 'फीड्स', 'बेकिंग हॉट' उत्तम. दोनच ठिकाणी हात लावते. मिरीच्या वेली 'ग्रो ऑन' नको, वेल चढते, म्हणून 'क्लाइंब द पाम्स'. आणि पाटातलं पाणी 'गोज' नाही, 'रन्स'. मराठीतही पाटाचं पाणी जात नाही, वाहतं.

अबोली | रविवार, रात्री ८:०५

'वाइन्स क्लाइंब', 'वॉटर रन्स'. दोन्ही कार्डं लिहून पहिल्या कप्प्यात टाकली.